अक्षर मंगलाताईंचं

(भिंगार येथे महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा तुमच्यापैकी काहींनी शाळेत वाचल्या असतील. १९३८ साली कोल्हापुरात जन्म, वाराणसीत बालपण, पुढे केंब्रिज. तिथले त्यांचे गुरू फ्रेड हॉयल हे खगोलशास्त्रज्ञ होते, तसेच विज्ञान कादंबरीकारही. १९७२ मध्ये नारळीकर मायदेशी परतले.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतली. आपल्या नावाला बक्षीस मिळू नये म्हणून नारळीकरांनी आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' हे नाव घेतलं. अक्षरही ओळखू येऊ नये, म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. 'कृष्णविवर' या त्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. मग 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'व्हायरस' या कादंबऱ्या आल्या. २०२१ मध्ये ते नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२५ मध्ये त्यांचं निधन झालं.

हा किस्सा गमतीने सांगतात. नारळीकरांनीही तो कधी लपवला नाही. मला मात्र त्या अक्षरापाशी थांबावंसं वाटतं. ते कुणाचं होतं?

मंगला नारळीकर १९६४ साली गणितात एम. ए. झाल्या, सुवर्णपदक मिळवून. केंब्रिजमध्ये त्यांनी गणित शिकवलं. पण तीन मुली, घर, वडीलधारी माणसं हे सगळं सांभाळत पीएच. डी. हाती आली ती १९८१ मध्ये. आधी घर, मग स्वतःचं काम, ही आपल्या पिढीतल्या अनेक शिकलेल्या बायकांची कहाणी आहे, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. पुढे त्यांनी मुलांसाठी सोप्या मराठीत गणिताची पुस्तकं लिहिली. २०२३ मध्ये त्या गेल्या.

यात कुणाला दोषी ठरवायचं नाही. प्रश्न वेळेचा आहे. एकाला कादंबरी लिहायला निवांत संध्याकाळ मिळते, तेव्हा घरातलं बाकीचं कोण उरकत असतं? आणि तिचं काम किती वर्षं मागे पडतं?

इथे भिंगारमध्ये बचत गटांचं काम करताना मी पाहते. दुकानाची उधारीची वही, दिराचा अर्ज, मुलांचा गृहपाठ, सगळं एकीच्याच अक्षरात असतं. तिची स्वतःची बारावी मात्र राहून गेलेली असते. पुढच्या बैठकीत हिशेब मिटल्यावर प्रत्येकीने एवढंच सांगावं : माझं काय राहिलं आहे, आणि त्यासाठी घरातलं कोणतं काम कोण उचलणार? तेही वहीत लिहू या. नावानिशी.