मानाचे मानधन



मुलांच्या शिक्षणासाठी आणि संगोपनासाठी झटणाऱ्या माणसांचा जाहीर सत्कार करण्याची प्रथा महाराष्ट्रात चांगलीच रुजली आहे. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी, असा तिचा साचाही ठरून गेला आहे. प्रथा वाईट नाही. ज्या समाजात चौकाचौकांतील फलक पुढाऱ्यांच्या वाढदिवसांनी भरलेले असतात, तेथे एखाद्या बालवाडीच्या बाईंच्या गळ्यात हार पडला तर तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु सत्काराने काय साधते आणि सत्काराआड काय झाकले जाते, हा प्रश्न समाजवादी कार्यकर्त्यांनी विचारलाच पाहिजे. कारण असे समारंभ पुष्कळदा त्यांच्याच पुढाकाराने होत असतात.

या प्रश्नाचा उलगडा करायचा तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामाकडे पाहावे लागते. ताराबाईंचा जन्म १८९२ चा. राजकोटच्या अध्यापिका विद्यालयातील प्राचार्यपदाची प्रतिष्ठित नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम करण्यास गेल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, १९३६ साली दादरला शिशुविहार निघाला. मॉंटेसोरी पद्धतीची साधने, स्वच्छ खोल्या, हौशी पालक असे सारे जुळून आलेले असताना एक गोष्ट त्यांना डाचत राहिली. हे शिक्षण ज्यांना परवडते त्यांच्याच मुलांपर्यंत पोहोचत होते. म्हणून १९४५ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीला आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. अनुताई तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांत वैधव्य, हे वाट्याला आलेल्या या बाईंनी पुढची जवळजवळ पन्नास वर्षे त्या परिसराला दिली.

बोर्डीत पहिला धडा शिक्षकांनाच मिळाला. बालवाडी उघडली म्हणून दलितांची आणि आदिवासींची मुले तिच्याकडे धावत आली नाहीत. त्यांच्या अंगावर कपडा नव्हता, पोटात अन्न नव्हते आणि गावाच्या मध्यभागी असलेली इमारत आपली आहे असे वाटण्याजोगे त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवात काहीच नव्हते. तेव्हा बालवाडीच उठून वस्तीच्या अंगणात गेली. मुलांना न्हाऊमाखू घालणे, केस विंचरणे, काहीतरी खायला देणे आणि मग गाणी, गोष्टी, मोजणी, असा तेथला क्रम होता. महागड्या साधनांची जागा शंखशिंपल्यांनी, खड्यांनी, बियांनी आणि पानांनी घेतली. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर असे दिसून आले की वारली मुले शाळेत न येण्याचे कारण आळस नसून गुरे आहेत. मग शिक्षक कुरणात गेले. गुरे चरत असताना मुले शिकू लागली, आणि ती कुरणशाळा म्हणून ओळखली गेली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्यामुळे धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरी बसणारी मुलगी शाळेत येऊ शकली. शिक्षणखात्याच्या अहवालांत ‘गळती’ या एका कोरड्या शब्दाखाली जे दडते, ते येथे उघडे करून सोडवले गेले.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना पुढे पद्मश्री. दोघींचा गौरव यथोचितच होता. तरीही सत्कार कोणाच्या वाट्याला येतो, याची या प्रांतातील रीत पाहण्याजोगी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव महाराष्ट्राने शिरोधार्य मानले, ते योग्यच. पण साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत जेवू घालण्यासाठी अंगावरचे दागिने आणि अखेरीस मंगळसूत्रही मोडणाऱ्या लक्ष्मीबाईंची आठवण भाषणांत बहुधा एका वाक्यापुरतीच येते.

ताराबाई १९७३ साली गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. बोर्डी-कोसबाडच्या कामातला शब्द शासनाने उचलला. मात्र त्याबरोबर आणखी एक गोष्ट उचलली गेली, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. ती म्हणजे त्यागाची कल्पना. अंगणवाडी चालविणारी स्त्री ही कर्मचारी नव्हे, ती ‘मानसेविका’. तिला वेतन नाही, ‘मानधन’. योजनेच्या आरंभी हे मानधन महिना शंभर-दीडशे रुपये होते. स्थानिक बाईने आपल्या वस्तीसाठी दिवसाचे थोडे तास सेवा द्यावी, अशी त्यामागची कल्पना. ताराबाई-अनुताईंनी स्वतःच्या निश्चयाने जे पत्करले होते, ते शासनाने लाखो गरीब स्त्रियांवर नियम म्हणून लादले.

सेवा दलाच्या परंपरेत वाढलेल्या कार्यकर्त्यांना हे ऐकताना थोडे अवघडल्यासारखे होईल. व्हावेच. त्यागाचे संस्कार या चळवळीनेच केले, आणि ते तिचे बलस्थान आहे. पण स्वतःहून केलेला त्याग आणि दुसऱ्याकडून करवून घेतलेला त्याग यांत मूलतः भेद आहे, आणि दुसऱ्या प्रकाराला मराठीत जुना शब्द आहे: वेठ. ज्या १९४५ साली ताराबाई बोर्डीला आल्या, त्याच वर्षी त्याच डहाणू-उंबरगाव पट्ट्यात वारली लग्नगडी आणि वेठबिगार यांविरुद्ध उठले होते. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेने त्यांना संघटित केले होते. एका बाजूला मुलांच्या हातात शंखशिंपले येत होते आणि दुसऱ्या बाजूला त्यांचे बाप फुकट राबण्यास नकार देत होते. पक्षभेद बाजूला ठेवले तर ही दोन्ही कामे एकमेकांना किती पूरक होती, हे आज स्पष्ट दिसते. उपाशी बापाच्या मुलासाठी केवळ बालवाडी पुरत नाही. १९९२ साली अनुताईंचे निधन झाले, आणि १९९२-९३ च्याच सुमारास शेजारच्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीची बालके कुपोषणाने दगावली.

मानसेवेची ही भाषा कायद्याच्या चौकटीतही शिरली आहे. मूळ घटनेच्या ४५ व्या कलमाने चौदा वर्षांखालील सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न दहा वर्षांत करावयास सांगितले होते. त्यात खालच्या वयाची अट नव्हती. २००२ सालच्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क झाले, पण फक्त ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. सहा वर्षांखालील मूल मार्गदर्शक तत्त्वातच राहिले. ज्या मुलाला हक्क नाही, त्याला सांभाळणारीला वेतन कोठून असणार? डिसेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातील एका खटल्यात अंगणवाडी सेविकांची पदे शासकीय सेवेतील पदे नव्हेत, असा निर्णय दिला. पुढे २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आला, अंगणवाडीला कायद्याचे अधिष्ठान मिळाले, आणि २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातमधून आलेल्या खटल्यात त्याच न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. हे काम अर्धवेळचे आहे, हा युक्तिवादही न्यायालयाने स्वीकारला नाही. सत्तेचाळीस वर्षांनंतर कोणीतरी अधिकृतपणे म्हटले की हे पूर्ण काम आहे.

काम किती पूर्ण आहे हे पाहावयाचे तर एखाद्या अंगणवाडीत सकाळपासून बसावे. मुलांची वजने, पूरक आहार, गरोदर स्त्रियांची नोंद, लसीकरणाच्या दिवशी घरोघर निरोप, तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शिक्षण, आणि २०२१ पासून मोबाइलवरील ‘पोषण ट्रॅकर’ भरणे. २०२० च्या साथीत घरोघरी जाऊन ताप मोजण्याच्या कामालाही याच बायका होत्या. शासनाचा विनोद असा की वेतनाचा विषय निघाला की त्या मानसेवी असतात, आणि मार्च २०१८ मध्ये संपाचा धाक वाटला तेव्हा त्यांना अत्यावश्यक सेवा कायदा, मेस्मा, लावण्यात आला. विधिमंडळात गदारोळ झाल्यावर त्याला स्थगिती द्यावी लागली. त्याच वर्षी केंद्राने सेविकेच्या मानधनातील आपली रक्कम ३,००० वरून ४,५०० रुपये केली. मदतनीसांची १,५०० वरून २,२५० झाली.

४ डिसेंबर २०२३ रोजी महाराष्ट्रातील सुमारे दोन लाख सेविका आणि मदतनीस बेमुदत संपावर गेल्या. ग्रॅच्युइटी द्या, निवृत्तिवेतन द्या, मानधनात भरीव वाढ करा, या त्यांच्या मागण्या होत्या. त्यांतील पहिली तर न्यायालयाने अगोदरच मान्य केलेली. संप मागे घेतला गेला तो जानेवारीच्या अखेरीस. मधल्या काळात, ३ जानेवारी २०२४ रोजी, सावित्रीबाई फुले यांची जयंती आली. संपाचा तो एकतिसावा दिवस होता. ज्या सावित्रीबाईंच्या तसबिरीला राज्यभर हार घातले गेले, त्यांच्या कामाचा वारसा ज्यांच्याकडे आहे त्या स्त्रियांच्या अंगणवाड्यांना त्या दिवशी कुलूप होते. ते कुलूप मुलांविरुद्ध नव्हते. पण त्याची किंमत मुलांनीच मोजली, हेही नाकारून चालणार नाही. बालसंगोपनाच्या कामाचे हेच अवघड असते. गिरणी बंद ठेवली तर मालकाचे नुकसान होते. अंगणवाडी बंद ठेवली तर दुपारचा घास चुकतो तो पोराचा. शासनाला हे पक्के ठाऊक असते, आणि सेविकांच्या कळवळ्यावरच ते निर्धास्त असते.

तेव्हा सत्कार जरूर करावेत. मात्र सत्कारासाठी निवडताना संस्थेच्या अध्यक्षांआधी वस्तीतल्या सेविकेचे आणि मदतनिसाचे नाव निघावे. भाषण पाहुण्यांऐवजी तिने करावे. तिच्या केंद्राला भाडे वेळेवर मिळते की नाही, पाणी आहे की नाही, आहाराचे बिल किती महिने थकले आहे, हे तिच्याच तोंडून सभेला कळावे. आणि मानपत्राच्या जोडीला त्या सभेचा एक ठराव असावा: २०२२ च्या निकालाप्रमाणे या गावातून निवृत्त झालेल्या प्रत्येक सेविकेची आणि मदतनिसाची ग्रॅच्युइटी किती होते, त्यातील किती दिली गेली, आणि उरलेली कोणत्या तारखेपर्यंत मिळणार, याचे लेखी उत्तर प्रकल्प अधिकाऱ्यांनी पुढच्या ग्रामसभेत द्यावे. ठरावावर सह्या घेण्याचे काम सत्कारसमितीकडेच राहील.