आपल्याच मापाचे माप : प्रयोगशाळांची अधिस्वीकृती आणि प्रवीणता चाचणी

(पाणी तपासणी प्रयोगशाळांतील रसायनज्ञ व प्रयोगशाळा साहाय्यक यांच्या प्रशिक्षणवर्गात एका निवृत्त रसायनज्ञाने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



निवृत्त माणसाला उपदेश करण्याचा मोह फार होतो. तो शक्य तितका आवरून, मी जबाबदार असताना घडलेल्या एका चुकीच्या आधारे आजचा विषय मांडावा असे मी ठरविले आहे.

किराणा दुकानात वजनमापे खात्याचा निरीक्षक येतो तेव्हा तो दुकानदाराच्या वह्या पाहून परत जात नाही. स्वतःजवळचे प्रमाणित वजन तो तराजूत टाकतो आणि काटा कोठे थांबतो ते पाहतो. प्रयोगशाळा हेही एका अर्थी दुकानच होय. आपण आकडे विकत नसलो तरी देतो आणि घेणारा ते विश्वासाने नेतो. एखाद्या वाड्यावरील विहिरीच्या अहवालावर आपण ‘पिण्यास योग्य’ एवढे दोन शब्द लिहितो आणि त्या दोन शब्दांवर पन्नास घरांतील घागरी भरल्या जातात. त्या घरांतील कोणालाही आपला आकडा पडताळून पाहण्याचे साधन नसते. मग आपल्या तराजूत प्रमाणित वजन टाकणार कोण, असा प्रश्न उपस्थित होतो. त्याचे उत्तर म्हणजेच प्रवीणता चाचणी.

प्रथम अधिस्वीकृतीचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. अधिस्वीकृती म्हणजे प्रयोगशाळा एकंदरीत चांगली असल्याचे प्रशस्तिपत्र नव्हे. अमुक घटक, अमुक पद्धतीने, अमुक मर्यादेत मोजण्यास ही प्रयोगशाळा समर्थ आहे, एवढेच आणि इतके नेमके ते विधान असते. जगातील पहिली राष्ट्रीय अधिस्वीकृती संस्था ऑस्ट्रेलियात १९४७ साली स्थापन झाली. निरनिराळ्या देशांतील अशा संस्थांचे एकत्र विचारविनिमय १९७७ साली कोपनहेगन येथील परिषदेपासून सुरू झाले. आपल्या देशात हे कार्य ‘एनएबीएल’ या नावाने परिचित असलेले मंडळ करते. आज ते भारतीय गुणवत्ता परिषदेचे घटक मंडळ आहे. या मंडळाने २००० साली परस्परमान्यतेच्या आंतरराष्ट्रीय करारात प्रवेश केला. त्यामुळे येथील अधिस्वीकृत प्रयोगशाळेने गोठविलेल्या मासळीविषयी दिलेला अहवाल परदेशी बंदरावरही विचारात घेतला जाऊ शकतो.

या व्यवस्थेचा पाया आयएसओ/आयईसी १७०२५ हे मानक आहे. त्याची प्रचलित आवृत्ती २०१७ सालची. त्यातील निष्कर्षांच्या ग्राह्यतेविषयीचे कलम दोन गोष्टी सांगते : प्रयोगशाळेने अंतर्गत नियंत्रणे ठेवावीत, आणि जेथे उपलब्ध व योग्य असेल तेथे इतर प्रयोगशाळांच्या निष्कर्षांशी आपले निष्कर्ष ताडून पाहावेत. यांपैकी पहिल्या गोष्टीने दुसरीचे काम का भागत नाही, हेच मला आज सांगावयाचे आहे.

त्यापूर्वी थोडा इतिहास. ज्या १९४७ साली ती ऑस्ट्रेलियन संस्था निघाली, त्याच वर्षी अमेरिकेत बेल्क आणि संडरमन या दोन वैद्यकांनी आपल्या एका पाहणीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांनी पेनसिल्व्हेनिया व आसपासच्या रुग्णालयांतील प्रयोगशाळांकडे एकाच द्रावणाचे नमुने पाठविले आणि उत्तरे मागविली. समाधानकारक उत्तरांपेक्षा असमाधानकारक उत्तरेच अधिक आली. त्या प्रयोगशाळांतील माणसे अप्रामाणिक नव्हती, आळशीही नव्हती. आपण चुकतो आहोत हे कळण्याचा मार्गच त्यांच्यापाशी नव्हता. आज वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयातून रक्तरसायनाचे नमुने देशभरच्या प्रयोगशाळांकडे नियमाने जातात, त्यामागील तत्त्व हेच.

आता कार्यपद्धती पाहू. चाचणी चालविणारी संस्था मोठ्या प्रमाणावर एकजिनसी नमुना तयार करते. तो बाटल्याबाटल्यांत सारखा आहे आणि मुदतीपर्यंत टिकणारा आहे, याची ती आधी खात्री करून घेते. मग सांकेतिक क्रमांक देऊन बाटल्या रवाना होतात. ठरलेल्या तारखेपर्यंत प्रत्येक प्रयोगशाळा आपला आकडा कळविते. नमुन्याचे निर्दिष्ट मूल्य कधी तो बनविताना घातलेल्या पदार्थाच्या वजनावरून, तर कधी सर्व सहभागींच्या उत्तरांवरून संख्याशास्त्रीय रीतीने ठरविले जाते. आपला आकडा आणि निर्दिष्ट मूल्य यांतील फरकाला ठरविलेल्या प्रमाण विचलनाने भागले की जो अंक येतो त्यास ‘झेड’ गुणांक म्हणतात. तो उणे २ ते अधिक २ यांच्या दरम्यान असला तर समाधानकारक. २ ते ३ असला, मग चिन्ह कोणतेही असो, तर शंकास्पद. आणि ३ किंवा त्याहून मोठा असला तर असमाधानकारक.

यातील एक बारकावा ध्यानात ठेवावा. उत्तम चाललेल्या प्रयोगशाळेचाही गुणांक शंभरांत सुमारे पाच वेळा केवळ योगायोगाने २ च्या बाहेर जाऊ शकतो. ३ च्या बाहेर मात्र तो हजारांत सुमारे तीनदाच जाईल. तेथे योगायोगाचे नाव घेऊन सुटका करून घेता येत नाही. उलट सलग चार-पाच फेऱ्यांत गुणांक उणे १, उणे दीड असाच एकाच बाजूला येत असेल, तर प्रत्येक वेळी ‘समाधानकारक’ असा शेरा मिळूनही आपला तराजू एकीकडे झुकलेला आहे असे समजावे.

आता माझ्या चुकीकडे येतो. आपल्या जांभ्या खडकाच्या आणि खाणपट्ट्याच्या प्रदेशात पाण्यातील लोह हा नेहमीचा विषय. चहा काळपट होतो, पांढरे कपडे पिवळट पडतात, आणि लोक बाटली घेऊन आपल्या दाराशी येतात. २०१७ सालच्या उन्हाळ्यात मी ज्या प्रयोगशाळेचा प्रमुख होतो तिने लोहाच्या प्रवीणता चाचणीत भाग घेतला. निर्दिष्ट मूल्य लिटरला १.२० मिलिग्रॅम होते, प्रमाण विचलन ०.०८ होते आणि आमचे उत्तर ०.९५ गेले होते. गुणांक उणे ३.१.

माझी पहिली प्रतिक्रिया सांगण्यास मला आज संकोच वाटतो, तरी सांगतो. ‘नमुनाच बिघडलेला असणार,’ असे मी म्हणालो. कारण आमच्याकडे सर्व काही यथास्थित होते. काही महिन्यांपूर्वीच अधिस्वीकृतीचे परीक्षक येऊन गेले होते. दररोजचे नियंत्रण-आलेख मर्यादेत होते. एकाच नमुन्याच्या दोन तपासण्या जुळत होत्या. नमुन्यात माहीत असलेले लोह घालून ते परत मोजले असता शंभरांतील अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव भाग मिळत होते. असे असता चूक आमची कशी?

आमच्याकडील एका तरुण साहाय्यिकेने तेव्हा एक साधा प्रश्न विचारला. ‘सर, रोजचे नियंत्रण-द्रावण, प्रमाण-आलेखाची द्रावणे आणि नमुन्यात घालायचे लोह, ही तिन्ही आपण एकाच बाटलीतून घेतो ना?’

होय, एकाच बाटलीतून. फेरस अमोनियम सल्फेट १.४०४ ग्रॅम घेऊन एक लिटर द्रावण केले की दर मिलिलिटरला २०० मायक्रोग्रॅम लोह असलेले मूळ प्रमाणद्रावण तयार होते. ते आम्ही केलेले होते. बाटलीवर चिठ्ठी होती, तारीख होती, करणाऱ्याची सही होती आणि मुदतही उलटलेली नव्हती. परंतु बाटलीचे बूच नीट बसत नव्हते आणि ती महिनोन्‌महिने पंख्याच्या झोताखालील फळीवर उभी होती. पाणी उडून गेले होते, लोह मागे राहिले होते. नवे द्रावण करून ताडून पाहिले तेव्हा जुने जवळजवळ सव्वापट तीव्र निघाले. गजच ताणला गेल्यामुळे प्रत्येक कापड आम्हाला आखूड दिसत होते, आणि त्याच गजाने आम्ही रोज तोच गज मोजून समाधान मानीत होतो.

याचा परिणाम काय झाला ते पाहा. भारतीय मानक १०५०० मध्ये २०१५ सालच्या दुरुस्तीनुसार पिण्याच्या पाण्यातील लोहाची मर्यादा लिटरला १.० मिलिग्रॅम आहे. म्हणजे ज्या विहिरींचा आकडा आम्ही ०.८ ते १.० दरम्यान लिहिला होता, त्या सर्व खरोखर मर्यादेबाहेर असण्याचा संभव होता. आम्ही नोंदवही काढली, अशा विहिरी शोधल्या, नमुने पुन्हा आणले आणि ज्यांचे आकडे बदलले त्यांना सुधारित अहवाल स्वतः जाऊन दिले. एका वाड्यावर एक वृद्ध बाई म्हणाल्या, ‘अहो, चहा काळा होतो म्हणून आम्ही तेव्हाच सांगत होतो, पण तुमच्या कागदावर पाणी बरे आहे असे होते, मग आम्हीच गप्प बसलो.’ लोह हे काही तत्काळ घात करणारे विष नव्हे. पण ती बाटली आर्सेनिकच्या प्रमाणद्रावणाची असती तर काय झाले असते, हा विचार त्या दिवसापासून माझी पाठ सोडीत नाही.

परीक्षकांनी कागद पाहिले होते, बाटलीवरील चिठ्ठीही पाहिली होती. त्यांचा दोष नव्हता. एक-दोन दिवसांच्या भेटीत पद्धत, उपकरणे व माणसांचे हात दिसतात. उत्तराचा खरेपणा मात्र बाहेरून आलेला अनोळखी नमुनाच दाखवितो. म्हणूनच अधिस्वीकृती मागणाऱ्या प्रयोगशाळेकडून आधी अशा सहभागाचा पुरावा आणि पुढेही नियोजित क्रमाने सहभाग यांची अपेक्षा केली जाते. एका असमाधानकारक गुणांकाने अधिस्वीकृती जात नाही. परंतु कारण शोधले नाही, दुरुस्ती केली नाही, किंवा तेच पुन्हापुन्हा घडले, तर त्या घटकापुरती ती स्थगित होऊ शकते, आणि ते न्याय्यच आहे.

यावरून काही व्यवहार्य गोष्टी सांगतो. चाचणीचा नमुना आला की तो सर्वांत अनुभवी रसायनज्ञाकडे देण्याची आणि दहादा तपासून सरासरी कळविण्याची प्रवृत्ती असते. तसे करू नये. जो साहाय्यक रोज विहिरींचे नमुने तपासतो त्यानेच, त्याच उपकरणावर, तितक्याच वेळा तो तपासावा. उत्तर पाठविण्यापूर्वी शेजारच्या प्रयोगशाळेला दूरध्वनी करून ‘तुमचे किती आले?’ असे तर कधीही विचारू नये. दोघांनी मिळून चूक केली तर ती दोघांपासूनही लपते. नियंत्रण-द्रावणासाठी प्रमाणद्रावणाहून वेगळ्या उगमाचा पदार्थ ठेवावा; आमची चूक एवढ्यानेही वेळीच पकडली गेली असती. आणि ज्या घटकासाठी अशी चाचणी उपलब्ध नसेल, तेथे दोन-तीन प्रयोगशाळांनी आपसांत नमुन्यांची देवाणघेवाण करावी. मात्र उत्तरे बंद पाकिटात ठेवून एकाच दिवशी उघडावीत.

अधिकारीवर्गाला एक विनंती आहे. गुणांक खराब आला म्हणून साहाय्यकास जाब विचारला, तर पुढील फेरीत गुणांक नक्की सुधारेल. प्रयोगशाळा सुधारेलच असे नाही. आमच्या येथे त्या मुलीला तो प्रश्न निःसंकोच विचारता आला, म्हणून विहिरी सापडल्या. तिच्या जागी भ्यालेला माणूस असता तर पुन्हा नमुना मागवून, आकडा जुळवून प्रकरण मिटले असते, आणि ती बाटली तशीच फळीवर राहिली असती.

आपण उद्या आपापल्या प्रयोगशाळेत परत जाल. जाताच प्रथम प्रमाणद्रावणांच्या बाटल्यांची बुचे पाहा.