नगरपरिषदेची सभा आणि नागरिकाचा शब्द

(एका व्याख्यानाचा मजकूर)



नगरपरिषदेच्या सभेचे वृत्त वर्तमानपत्रांत येते तेव्हा ते बहुधा सभात्यागाचे, घोषणांचे किंवा शाब्दिक चकमकीचे असते. मागील सभेचे इतिवृत्त कायम झाले, एका पेठेतील गटाराच्या कामास मंजुरी मिळाली, जलवाहिनी दुरुस्तीचा खर्च मान्य झाला, अशा गोष्टींना बातमीचे मोल नसते. परंतु शहराचे दैनंदिन जीवन ज्यावर उभे असते ते हेच नीरस वाटणारे कामकाज होय. नळाला पाणी येणे, दिवाबत्ती लागणे, कचरा उचलला जाणे आणि शाळेचे छप्पर न गळणे यांपैकी प्रत्येक गोष्टीमागे कोणत्या तरी सभेतील एखादा ठराव असतो. त्या ठरावापर्यंत सामान्य नागरिकाचा शब्द पोहोचतो किंवा नाही, यावर स्थानिक स्वराज्यातील ‘स्व’ या अक्षराचा अर्थ अवलंबून आहे.

सूचना, विषयपत्रिका आणि इतिवृत्त

महाराष्ट्रातील नगरपरिषदांचा कारभार १९६५ च्या अधिनियमानुसार चालतो. या अधिनियमाप्रमाणे दर दोन महिन्यांच्या आत एक सर्वसाधारण सभा झाली पाहिजे. ती बोलावण्याची जबाबदारी नगराध्यक्षांवर आहे. सर्वसाधारण सभेसाठी पूर्ण सात दिवसांची आणि विशेष सभेसाठी पूर्ण तीन दिवसांची सूचना द्यावी लागते. सभेचे स्थळ, वेळ आणि तीत चालावयाचे कामकाज या सूचनेत नमूद करावयाचे असते. ही सूचना सदस्यांना पाठवून भागत नाही. ती नगरपरिषदेच्या कार्यालयात फलकावरही लावावी लागते.

या शेवटच्या तरतुदीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. सदस्यांना घरपोच सूचना मिळत असताना ती फलकावर कशासाठी लावावयाची? उत्तर सरळ आहे. सभा सदस्यांची असली तरी कामकाज शहराचे असते, आणि कोणता विषय केव्हा चर्चेस येणार हे नागरिकास अगोदर कळले, तरच त्याला आपल्या प्रभागाच्या सदस्याला गाठून आपले म्हणणे सांगता येते. फलकावरील तो टंकलिखित कागद हे नगरपरिषदेने नागरिकाला दिलेले निमंत्रणच होय.

यास्तव ‘ऐनवेळचे विषय’ या सदराचा वापर जपून व्हावयास हवा. पूर, साथीचा रोग किंवा अकस्मात उद्भवलेली पाणीटंचाई अशा प्रसंगी ते समजण्यासारखे आहे. परंतु भूखंडाचा भाडेपट्टा, मोठ्या रकमेची निविदा किंवा करआकारणी यांसारखे विषय आयत्या वेळी पुढे आले, तर सदस्यांना टिप्पणी वाचण्यास अवधी मिळत नाही आणि नागरिकांना तर विषयाची वार्ताही लागत नाही. नंतर तक्रारी होतात, चौकशा लागतात, आणि बेकायदेशीर वाटणाऱ्या ठरावाची अंमलबजावणी जिल्हाधिकाऱ्यांना अधिनियमाच्या कलम ३०८ खाली स्थगित करावी लागते. सात दिवसांची बचत करताना सात महिने वाया जातात.

सभेच्या प्रारंभी ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा विषय असतो. बहुतेक सभांत तो अर्ध्या मिनिटात संपतो. वास्तविक कोणी सूचना मांडली, कोणी अनुमोदन दिले, कोणती उपसूचना आली, कोणी विरोध नोंदविला आणि अखेर काय ठरले, याचा एकमेव अधिकृत पुरावा म्हणजे इतिवृत्त. सभागृहात कितीही प्रभावी भाषण झाले तरी नोंदवहीत त्याचा मागमूस नसेल, तर कायद्याच्या दृष्टीने ते झालेच नाही. हे इतिवृत्त नागरिकांना पाहण्यास खुले असते. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ साली आला. नगरपरिषदेच्या नोंदवहीचे दार त्याच्या कितीतरी आधीपासून उघडे होते. ते ठोठावणारे मात्र थोडे होते.

सज्जातील नागरिक

अधिनियमानुसार नगरपरिषदेची सभा जनतेस खुली असते. एखाद्या विषयाची चर्चा खाजगीत व्हावी असे उपस्थित सदस्यांनी बहुमताने ठरविले, तरच बाहेरच्यांना मज्जाव करता येतो. सभेत व्यत्यय आणणाऱ्यास बाहेर काढण्याचा अधिकारही पीठासीन अधिकाऱ्यास आहे. थोडक्यात, नागरिकास बसण्याचा हक्क आहे, ऐकण्याचा हक्क आहे. पण उठून बोलण्याचा हक्क नाही.

ग्रामपंचायतीच्या क्षेत्रात स्थिती वेगळी आहे. ग्रामसभेत गावचा प्रत्येक मतदार सभासद या नात्याने बसतो. तो सरपंचांना प्रश्न विचारू शकतो, खर्चाचा हिशेब मागू शकतो. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. एखादे मोठे गाव वाढून तेथे नगरपंचायत स्थापन झाली, की तेथील माणसाला रस्ते, गटारे आणि दिवे मिळण्याची आशा वाटू लागते, परंतु त्याच दिवशी त्याची ग्रामसभा संपुष्टात येते. काल जो सभासद होता तो आज प्रेक्षक होतो. या बदलाची जाणीव ना गावकऱ्यांना करून दिली जाते, ना नव्या सदस्यांना.

परदेशांत काही ठिकाणी यावर वेगळा तोडगा काढलेला दिसतो. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १९५३ साली झालेल्या कायद्याने स्थानिक संस्थांच्या सभा खुल्या केल्या. तेथे नियमित सभेची विषयपत्रिका किमान ७२ तास अगोदर लावावी लागते, आणि त्या सभेत नागरिकांना आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. प्रत्येकास दोन-तीन मिनिटे मिळतात. कोणी पदपथाविषयी बोलतो, कोणी शेजारच्या गोंगाटाविषयी. सारेच बोलणे मोलाचे असते असे नाही. पण ते निर्णयापूर्वी, निर्णय घेणाऱ्यांच्या समक्ष होते.

आपल्याकडे असा वेळ राखून ठेवलेला नाही. तथापि नागरिकाच्या शब्दाला वाटच नाही, असे समजणे चुकीचे ठरेल. पहिली वाट लेखी अर्जाची. अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी, आवक क्रमांक लिहून ठेवावा. दुसरी वाट सदस्याची. आपल्या प्रभागाच्या सदस्यामार्फत प्रश्न किंवा प्रस्ताव सभेपुढे येऊ शकतो. तिसरी वाट हरकती व सूचनांची. विकास आराखडा, त्यातील फेरबदल, मालमत्ता कराची आकारणी यांबाबत नागरिकांच्या हरकती मागविणे आणि त्यांवर सुनावणी देणे कायद्यानेच बंधनकारक आहे. चौथी वाट क्षेत्रसभेची. राज्यातील नगरपालिका कायद्यांत २००९ साली दुरुस्ती होऊन, मतदारांनी आपल्या भागापुरते एकत्र बसून कामांचा अग्रक्रम सुचवावा अशी तरतूद झाली. ग्रामसभेची ही नागरी बहीण बहुतेक शहरांत अद्याप कागदावरच आहे.

समजा, एखाद्या वस्तीत उन्हाळ्यात नळाला पाणी चढत नाही. वस्तीतील लोक पालिकेवर घागरी घेऊन जातात, मुख्याधिकारी आश्वासन देतात, दोन दिवस टँकर येतो आणि प्रकरण मिटते. पुढील उन्हाळ्यात तेच. हीच मंडळी चाळीस सह्यांचा अर्ज देतील, तो पाणीपुरवठा समितीपुढे जाईल, अभियंत्यांची टिप्पणी जोडली जाईल, सदस्य तो विषयपत्रिकेवर आणतील आणि जलवाहिनी बदलण्याच्या खर्चास सभेची मंजुरी मिळेल, तर त्या घागरींच्या आवाजाला ठराव क्रमांक मिळाला असे म्हणता येईल. आवाज विरून जातो. ठराव क्रमांक पुढच्या सभेत पुन्हा विचारता येतो.

महाडचा धडा

नगरपालिकेच्या ठरावाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोहोंचा धडा महाराष्ट्राच्या इतिहासात एकाच ठिकाणी मिळतो, तो महाडला. मुंबई विधान परिषदेत ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेली वा चालविलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, शाळा इत्यादी अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गास खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. कागदोपत्री काम झाले होते. प्रत्यक्षात तीन वर्षे त्या तळ्याचे पाणी दलितांना घेता आले नाही.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्या ऐतिहासिक कृतीचा मानवी आशय सर्वश्रुत आहे. त्यातील एक बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही. नगरपालिकेने स्वतः केलेल्या आणि अमलात न आणलेल्या ठरावाची अंमलबजावणी त्या दिवशी नागरिकांनी आपल्या पावलांनी केली. त्यानंतर ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. जे बहुमत ठराव करू शकते तेच तो मोडूही शकते, हे त्यावरून दिसून आले. प्रकरण न्यायालयात गेले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयाने दलितांचा हक्क कायम झाला. तळे नगरपालिकेच्या मालकीचे आहे आणि त्याचा वापर विशिष्ट जातींपुरता मर्यादित असल्याची अनादी काळापासूनची रूढी सिद्ध झालेली नाही, हा मुद्दा त्यात निर्णायक ठरला.

ठराव झाला म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्या प्रत्येक सदस्याने हा इतिहास आठवावा. १९२४ आणि १९३७ या दोन सालांमध्ये तेरा वर्षांचे अंतर आहे, आणि ते अंतर ओलांडण्याची किंमत नगरपालिकेने नव्हे, तहानलेल्यांनी मोजली.

एका मताचे मोल

सभेत एकट्याने विरोध नोंदवून काय साधते, असेही विचारले जाते. महात्मा जोतीराव फुले हे १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे भेटीप्रीत्यर्थ नगरपालिकेने एक हजार रुपये खर्च करावेत, असा प्रस्ताव आला तेव्हा जोतीरावांनी त्यास विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. सभागृहात ते एकटे पडले आणि प्रस्ताव संमत झाला. मतमोजणीत जोतीराव हरले. परंतु करदात्याचा पैसा शोभेसाठी की शिक्षणासाठी, हा प्रश्न त्यांनी कायमचा नोंदवून ठेवला. त्या स्वागतास मान्यता देणाऱ्यांची नावे आज कोणास आठवत नाहीत.

रिकामे सभागृह

सभा म्हणजे वेळेचा अपव्यय, अधिकाऱ्यांनीच कारभार केला तर तो अधिक वेगाने होईल, असा एक विचार अधूनमधून ऐकू येतो. २०२२ नंतर राज्यातील अनेक महानगरपालिका व नगरपरिषदा निवडणुका लांबल्यामुळे दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती होत्या. मुंबई महानगरपालिकेची मुदतही मार्च २०२२ मध्ये संपली होती. या काळात कामे थांबली असे नाही. रस्ते झाले, अंदाजपत्रके मंजूर झाली, निविदा निघाल्या. उणीव होती ती विचारणाऱ्याची. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच असल्यावर ‘हे आताच का, आणि याच वॉर्डात का?’ असा प्रश्न सभागृहात कोण करणार? १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांना राज्यघटनेत स्थान दिले आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणुका व्हाव्यात अशी व्यवस्था केली, ती याच प्रश्नाला जागा राहावी म्हणून.

प्रत्येकाने करावयाचे काम

नवीन कायद्याची वाट न पाहता पुष्कळ काही करता येण्यासारखे आहे. अधिकाऱ्यांनी विषयपत्रिकेची भाषा सोपी ठेवावी. ‘मा. मुख्याधिकारी यांच्या टिप्पणीनुसार निर्णय घेणे’ एवढेच लिहिल्याने कोणासच काही उमगत नाही. काम कोणते, कोठे आणि किती खर्चाचे, हे एका ओळीत लिहिता येते. मागील सभेतील ठरावांपैकी किती अमलात आले आणि उरलेले का अडले, याचा तक्ता प्रत्येक सभेपुढे ठेवावा. सदस्यांनी सभेपूर्वी आपल्या प्रभागात तासभर बसून विषयपत्रिका वाचून दाखवावी; त्यासाठी क्षेत्रसभेच्या औपचारिक आदेशाची गरज नाही. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांना वर्षातून एकदा नगरपरिषदेच्या सभेस न्यावे. नागरिकशास्त्राचे पुस्तक जे पाठ करवून घेते ते तेथे डोळ्यांना दिसते, आणि मुलांच्या उपस्थितीत सदस्यांच्या भाषेलाही वळण लागते, हा वेगळा लाभ. पंचायत सदस्यांनी, विशेषतः ज्यांच्या गावाची नगरपंचायत होऊ घातली आहे त्यांनी, ग्रामसभेत बोलण्याची लोकांची सवय नव्या व्यवस्थेत कशी टिकेल याचा विचार आताच करावा.

आणि नागरिकांनी? त्यांनी फलक वाचावा. अर्जाची पोच घ्यावी. इतिवृत्त पाहण्यास मागावे. सज्जात चार रिकाम्या खुर्च्या असताना होणारी सभा आणि त्या खुर्च्यांवर चार माणसे शांतपणे ऐकत बसलेली असताना होणारी सभा, यांत फार अंतर असते. ज्या शहरातील लोक आपल्या नगरपरिषदेचे इतिवृत्त वाचतात, त्या शहरातील इतिवृत्त जपून लिहिले जाते.