‘सोड’ म्हणजे नेमकं काय? लिंगाण्यावरची दोन मिनिटं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जसं बोलले, तसंच बरंचसं ठेवलंय.

माझ्या फोनमध्ये एक फोटो आहे. लिंगाण्याचा माथा, आम्ही चौघं, मागे रायगड. तो टाकला तेव्हा खाली ‘कडक’, ‘जबरदस्त’, ‘मानलं तुम्हाला’ अशा कमेंट्सचा पाऊस पडला. त्यातली लाल हेल्मेटवाली, सगळ्यात जास्त हसणारी, ती मी. त्या हसणाऱ्या मुलीने चार तासांपूर्वी काय केलं होतं, हे फोटोतल्या बाकी तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. आज ते सांगायचंय.

लिंगाणा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रायगडाच्या समोर, सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटलेला एक सुळका आहे. लांबून पाहिलं तर शिवलिंगासारखा, म्हणून लिंगाणा. समुद्रसपाटीपासून उंची साधारण ३ हजार फूट. शिवकाळात तिथे कैदी ठेवत असत. अर्ध्या उंचीवर कातळात खोदलेल्या गुहा आहेत, पाण्याचं टाकं आहे. १८१८ मध्ये रायगड इंग्रजांच्या हाती गेला, त्यानंतर त्यांनी लिंगाण्याच्या पायऱ्याही फोडून टाकल्या असं सांगतात. त्यामुळे आज वर जायचं तर दोर लावूनच.

आम्ही पुणे जिल्ह्यातल्या मोहरी गावात मुक्कामाला होतो. जानेवारीचा महिना. पहाटे ३ ला उठलो, बॅटरीच्या उजेडात बोराट्याची नाळ उतरलो. नाळ म्हणजे दोन कड्यांमधली, दगडधोंड्यांनी भरलेली घळ. तिथून आडवं जाऊन लिंगाणा आणि रायलिंगचं पठार यांच्यामधल्या खिंडीत पोचलो. उजाडायला लागलं तेव्हा चढाई सुरू केली.

आता ही चढाई चालते कशी, ते नीट समजून घ्या, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही.

आमचा दोर ५० मीटरचा आणि डोंगर त्याहून कितीतरी उंच. म्हणून चढाईचे तुकडे पाडायचे. एका तुकड्याला म्हणतात पिच. पुढे चढणारा लीडर दोराचं एक टोक हार्नेसला बांधून निघतो. वाटेत कातळात बोल्ट ठोकलेले असतात, त्यात क्विकड्रॉ लावून दोर अडकवत जातो. दुसरा माणूस खाली स्वतःला कातळाशी बांधून उभा असतो आणि बिले देतो. म्हणजे कमरेच्या बिले डिव्हाइसमधून दोर लागेल तसा पुढे सरकवतो. लीडर पडलाच, तर दोर रोखतो. लीडर वर पोचला, त्याने स्वतःला अँकर केलं, की बिले काढायचा. मग तो वरून दोर ओढून घेतो आणि दुसऱ्याला वर घेतो. पुढच्या पिचला परत तेच.

एक साधं गणित सांगते. लीडर शेवटच्या बोल्टच्या ३ मीटर वर असेल आणि सुटला, तर ३ मीटर बोल्टपर्यंत आणि ३ मीटर बोल्टच्या खाली, असा ६ मीटर पडतो. शिवाय दोर ताणतो ते वेगळं. चांगला बिले असेल तर खरचटतं, पोटात गोळा येतो, पण माणूस वाचतो. बिलेच नसेल तर हे गणित लागूच होत नाही.

आमचा लीडर म्हणजे दादा. क्लबमध्ये सगळेच त्याला दादा म्हणतात. माझी ही तिसरी मल्टीपिच होती. पहिली पिच छान झाली. दुसऱ्या पिचला दादा निघाला आणि थोड्या वेळात एका कातळाच्या कडेआड दिसेनासा झाला. उरलेले दोघं अजून खाली खिंडीत. मी अँकरवर एकटी. खिंडीतून वारा नुसता भणाणत होता.

साधारण २० मीटर दोर गेला असेल. वरून दादाचा आवाज आला. शब्द तुटत येत होते. मला ऐकू आलं ते एवढंच: “...सोड!”

माझ्या डोक्यात लगेच वाक्य तयार झालं: “बिले सोड.” म्हणजे दादा पोचला. मी उलट ओरडले, “ओके दादा!” कॅराबिनरचा स्क्रू फिरवला, डिव्हाइसमधून दोर काढला. बिले संपला.

आणि मग काय केलं? फोन काढला. रायलिंगच्या पठारामागून ऊन वर येत होतं, समोरच्या कातळाचा रंग बदलत होता. दोन फोटो घेतले. एक नीट आला नाही म्हणून तिसरा घेतला.

तिसरा घेताना पायाशी पडलेल्या दोराकडे लक्ष गेलं. दोर वर जात होता, पण हळू. हातभर गेला, थांबला. परत वीतभर गेला, थांबला. बराच वेळ हललाच नाही. मग परत हातभर.

अँकरवर पोचलेला माणूस असा दोर घेत नाही हो. तो दोन्ही हातांनी झपाझप ओढतो, विहिरीतून पोहरा ओढावा तसा, एका लयीत. हातभर जाऊन थांबणारा दोर म्हणजे चढणारा माणूस. एक पाय ठेवला, होल्ड चाचपला, श्वास घेतला, वर गेला.

दादा अजून चढत होता. त्याला कुणी धरलेलं नव्हतं.

तो त्या क्षणी निसटला असता तर? दोराचं दुसरं टोक माझ्या हार्नेसला होतं, मी अँकरला होते. पण मध्ये ३० मीटर दोर मोकळा पडलेला. तो दोर ताणला जाईपर्यंत दादा माझ्या शेजारून खाली गेला असता, आणि मधले सगळे कातळाचे टप्पे त्याला लागले असते.

फोन मी खिशात टाकला की कुठे टाकला, आठवत नाही. दोर परत डिव्हाइसमध्ये घातला, स्क्रू लावला. हात इतके थरथरत होते की स्क्रू दोनदा चुकला. बोटांतून दोर सरकू लागला तेव्हा कुठे श्वास सुटला. पाचेक मिनिटांनी दोर झपाझप वर जाऊ लागला आणि स्पष्ट आवाज आला, “ऑफ बिले!”

मी वर पोचले. दादा म्हणाला, “मस्त चढलीस. मध्ये दोर लई जड जात होता गं, कडेला घासत होता. म्हणून ओरडलो तुला, दोर सोड म्हणून.”

दोर सोड. म्हणजे ढील दे, थोडा जास्त दोर दे.

मी म्हटलं, “हो, ऐकू आलं.”

बस. एवढंच म्हटलं.

त्यानंतर आम्ही गुहेत थांबलो, चिक्की खाल्ली. उरलेल्या तीन पिच चढलो. साडेअकराला माथा. रायगड समोर पाहून बाकीच्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं, पण माझं कशामुळे ते मलाच माहीत. फोटो काढला. हसले.

मग रॅपलिंग करत उतरलो, चार टप्प्यांत. आमच्यातला सगळ्यात नवा मुलगा होता, त्याला वरून वेगळा सुरक्षेचा दोर होता आणि तो दोर माझ्या हातात होता. मध्येच तो लटकायचा आणि ओरडायचा, “ताई, सोड! सोड ना!” प्रत्येक वेळी माझ्या पोटात खड्डा पडायचा. मी कडेला वाकून तो दिसतोय का बघायचे आणि मगच ढील द्यायचे. तोंडाने मात्र कुणाला काही बोलले नाही.

रात्री ८ वाजता, मोहरीत, पिठलं-भाकरी समोर असताना मला घास गिळवेना. मी दादाला बाहेर अंगणात बोलावलं आणि सगळं सांगितलं.

तो गप्प झाला. मग विचारलं, “किती वेळ?”

“दोन मिनिटं असतील. जास्तही असतील.”

“तिथे मी शेवटच्या बोल्टच्या बराच वर होतो,” तो म्हणाला. परत गप्प.

मला वाटलं होतं, आता म्हणेल की परत क्लबमध्ये दिसू नकोस. तसं म्हणाला नाही. “मी ‘सोड’ म्हणायलाच नको होतं,” म्हणाला. “तो शब्दच दुतोंडी आहे. ती चूक माझी.” मला जरा हायसं वाटलं, तेवढ्यात त्याचा आवाज चढला. “पण तू वर आलीस तेव्हा मला का नाही सांगितलंस? आपण त्यानंतर तीन पिच चढलो. चार रॅपल केले. तेच शब्द वापरून! तो पोरगा ‘सोड सोड’ ओरडत होता. तो शब्द धोक्याचा आहे, हे तुला एकटीला माहीत होतं. आम्हा तिघांना नव्हतं.”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजूनही नाही. मी काय सांभाळत होते? दादाचा माझ्यावरचा विश्वास? खरं सांगू, मी स्वतःची इमेज सांभाळत होते. दिवस खराब होऊ नये, फोटो चांगला यावा, एवढंच.

त्याच रात्री चौघांनी बसून शब्द ठरवले, ते आजही वापरतो. ‘सोड’ हा शब्द कातळावर बंद. ढील हवी तर ‘स्लॅक’. पोचलो आणि अँकर झालो तर ‘ऑफ बिले’, आणि आधी समोरच्याचं नाव. शनिवार-रविवारी शेजारच्या ग्रुपचा आवाजही आपलाच वाटतो, म्हणून नाव हवंच. ऐकणाऱ्याने तोच शब्द परत उच्चारायचा, नुसतं ‘ओके’ नाही. वारा असेल तर शिट्टी, आणि किती वेळा वाजली की काय, हे खालीच ठरवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: नीट ऐकू आलं नाही, तर बिले काढायचा नाही. दोर डिव्हाइसमधूनच जाऊ द्यायचा, अगदी संपेपर्यंत. लीडर पोचलेला असेल तर त्याला दोर ओढायला थोडं जड जाईल, एवढंच नुकसान.

आणखी एक नियम दादाने घातला. काही चुकलं, थोडक्यात वाचलं, तर ते पुढच्या अँकरवरच सांगायचं. माथ्यावर नाही, गावात नाही. तिथेच.

पुढच्या महिन्यात मी पहिल्यांदा लीड करणार आहे. खाली बिलेला तोच मुलगा असणार आहे, तेव्हाचा सगळ्यात नवा. हा भाग रेकॉर्ड करण्याआधी मी त्याला फोन करून ही गोष्ट सांगितली, कारण त्याला ती तुमच्यासोबत कळणं बरोबर नव्हतं. तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “ताई, म्हणून तू तेव्हा सारखी वाकून बघत होतीस होय?”

हो रे. म्हणूनच.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.