वसतिगृहातील कावीळ : ओळख आणि प्रतिबंध



वसतिगृहातील एखाद्या विद्यार्थ्याचे डोळे पिवळे दिसू लागले की रोगाची साथ सुरू झाली, असा समज आहे. वस्तुतः तोपर्यंत विषाणू शरीरात शिरून सामान्यतः दोन ते सहा आठवडे लोटलेले असतात. ‘अ’ प्रकारच्या काविळीचा रुग्ण तर पिवळेपणा दिसण्यापूर्वीच इतरांना रोग देऊ लागतो. पहिला रुग्ण ही उशिरा मिळालेली सूचना होय.

‘अ’ आणि ‘ई’ या प्रकारांचे विषाणू विष्ठेतून बाहेर पडून दूषित पाणी व अन्न यांवाटे पोटात जातात. एकच टाकी, एकच भोजनगृह व सामाईक स्वच्छतागृहे असलेल्या वसतिगृहात त्यांचा प्रसार सुलभ होतो.

पाणी निर्मळ दिसणे पुरेसे नाही. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेचे पाणी सांडपाण्याने दूषित झाल्यावर सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. क्लोरीनची मात्रा वाढविल्याने विषमज्वर वाढला नाही. कावीळ मात्र थोपविता आली नाही. म्हणून टाकी नियमित धुणे, जलवाहिनीची गळती तत्काळ दुरुस्त करणे आणि शेवटच्या नळापर्यंत क्लोरीन तपासणे आवश्यक आहे. विषाणूंपासून संरक्षणासाठी ते लिटरमागे किमान ०.५ मिलिग्रॅम असावे. साथीच्या काळात पाणी उकळून प्यावे आणि शौचानंतर व जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. आजारी स्वयंपाक्यास पगारी रजा द्यावी. मजुरी बुडण्याच्या भीतीने तो आजार लपवितो.

लपवालपवी हाच खरा धोका आहे. विद्यार्थी परीक्षेच्या भीतीने आणि संस्था बदनामीच्या भीतीने गप्प राहते. विद्यार्थी निमूटपणे गावी जातो आणि विषाणू घरापर्यंत पोहोचू शकतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ‘ई’ प्रकारची कावीळ स्त्रीच्या प्राणावर बेतू शकते. यास्तव पहिल्याच रुग्णाची माहिती प्राथमिक आरोग्य केंद्रास द्यावी.

बहुतेक रुग्ण विश्रांती व साध्या आहाराने बरे होतात. मद्य वर्ज्य करावे. वैद्यकीय सल्ल्याविना औषधे घेऊ नयेत. माळ घालून किंवा कावीळ उतरवून घेत वेळ दवडू नये. गुंगी, सततची उलटी वा रक्तस्राव दिसताच रुग्णालय गाठावे. ‘अ’ प्रकारावर लस उपलब्ध आहे.

प्राचार्यांनी टाकीची, पंचायतीने जलवाहिनीची आणि विद्यार्थ्यांनी आपल्या हातांच्या स्वच्छतेची जबाबदारी घेतली, तर साथीला वेळीच आळा बसेल.