मुताचा हिशेब

(घाटकोपरमधल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आज मी मुताबद्दल बोलणार आहे. नाक मुरडू नका. ज्यांच्या बापजाद्यांनी साऱ्या गावाची घाण उपसली, त्यांना स्वतःच्या मुताची कसली लाज?

मी डॉक्टर नाही. डायलिसिसच्या खोलीत मशीन लावायचं काम करतो. माणसं चार-चार तास नळीला बांधलेली बघतो. आठवड्यातून दोनदा, तीनदा. मुलुंडचा हमाल, अंधेरीची धुणीभांडी करणारी बाई. दोघांचं रडगाणं एकच : शुगर होती, पण किडनीचं कुणी बोललंच नाही.

ही भानगड कशी होते ते ऐका. एकेका मूत्रपिंडात दहा लाखांच्या आसपास बारीक गाळण्या. वर्षानुवर्षं साखर आणि ब्लडप्रेशर चढं राहिलं की त्या झिजतात. मग रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत उतरतं. दुखत नाही, खुपत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसेतो निम्मं काम बंद पडलेलं असू शकतं. पाय सुजले, धाप लागली, तोवर गाडी सुटलेली असते.

म्हणून डायबेटिसवाल्यानं वर्षातून एकदा तरी दोन तपासण्या मागायच्या : लघवीतलं अल्ब्युमिन, रक्तातलं क्रिएटिनिन. मागायच्या म्हणतोय, विनवायच्या नाहीत. राजावाडी काय, कूपर काय, पालिकेची इस्पितळं जनतेच्या पैशावर चालतात.

वेळेत कळलं तर इलाज आहे. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या किडनी राखतात. डापाग्लिफ्लोझिनही राखते, पेटंट संपल्यावर ती स्वस्त झाली. गोळी डॉक्टरला विचारूनच घ्या. आणि ओझी उचलून अंग दुखतं म्हणून मेडिकलवाल्याकडून रोज पेनकिलर गिळणं थांबवा. तीही किडनी खाते.

महात्मा फुल्यांच्या नावाच्या सरकारी योजनेत डायलिसिस बसतं. केंद्राचीही योजना २०१६ पासून आहे. पण आठवड्याला दोन-तीन खाडे पडले, तर बुडालेला रोज कोण देणार? चूल कशावर पेटणार? त्याचं कलम कुठल्या योजनेत आहे?

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले, तेव्हा वय अवघं ६५. त्यांचा फोटो भिंतीवर लावणाऱ्या घरात आईची लघवी एकदाही तपासलेली नसावी?

उद्या आईला, बापाला घेऊन रांगेत उभे राहा. कागदावर दोन्ही तपासण्या लिहून घेतल्याशिवाय हलू नका.

जय भीम!