अर्धी कादंबरी आणि पुरा संशय

(एका खेड्यांतील वाचनालयाच्या वार्षिक सभेंत तेथील शिक्षकानें केलेलें भाषण)



आज मी एका अर्धवट राहिलेल्या पुस्तकाविषयीं बोलणार आहें. पुरीं पुस्तकें वाचावयाला आम्हांला सवड नाहीं, आणि मास्तर हें अर्धवट कोठलें घेऊन आले, असें कोणी म्हणेल. पण पुऱ्या पुस्तकांत लेखकाची परीक्षा होते आणि अर्धवट पुस्तकांत वाचकाची, म्हणून हा विषय घेतला.

चार्ल्स डिकन्स हा इंग्रजी भाषेंतला थोर कादंबरीकार. बाप कर्जापायीं तुरुंगांत पडला, तेव्हां बाराव्या वर्षीं हा पोरगा लंडनच्या एका कारखान्यांत बुटांच्या पॉलिशच्या डब्यांवर कागद चिकटवीत होता. १८७० च्या एप्रिलांत ‘एड्विन ड्रूडचें रहस्य’ ही त्याची कादंबरी मासिक भागांनीं निघूं लागली. बारा भाग व्हावयाचे होते. तीन निघाले, आणि ९ जून १८७० रोजीं डिकन्स वारला. लिहून झालेले आणखी तीन भाग मागाहून छापले. सहा भाग लोकांच्या हातीं आले, सहा लेखकाबरोबर मातींत गेले.

आतां गोष्ट ऐका. क्लॉइस्टरहॅम नांवाचें एक जुनें गांव. तेथें मोठें देऊळ, म्हणजे ख्रिस्ती लोकांचें कॅथेड्रल. तेथल्या भजनी मेळ्याचा प्रमुख जॉन जॅस्पर. दिवसां देवळांत गोड गळ्यानें स्तोत्रें म्हणतो आणि चोरून लंडनच्या अफूच्या अड्ड्यावर जाऊन पडतो. एड्विन हा त्याचा भाचा. भाच्याची जी वाग्दत्त वधू, तिच्यावरच या मामाचा डोळा! त्याच गांवांत सिलोनहून नेव्हिल व हेलेना हीं जुळीं पोरकीं भावंडें येतात. वर्णानें सांवळीं, सावत्र बापाच्या जाचांत वाढलेलीं. नेव्हिलचें व एड्विनचें भांडण होतें. एड्विन त्याच्या कातडीच्या रंगावरून लागेल असें बोलतो, आणि नेव्हिल भडकतो. नाताळाच्या आदल्या रात्रीं मोठें वादळ होतें आणि एड्विन नाहींसा होतो. पुढें नदीच्या बंधाऱ्यांत त्याचें घड्याळ सांपडतें; प्रेत कांहीं सांपडत नाहीं. कथा पुढें जाते, पण उलगडा होण्याआधींच लेखणी थांबते.

वाचकांनीं या पुस्तकाचें काय केलें तें पाहा. अमेरिकन कवि लाँगफेलो याला ही डिकन्सच्या अतिसुंदर कृतींपैकीं एक वाटली. डिकन्सचा स्नेही, स्वतः रहस्यकथांचा उस्ताद, विल्की कॉलिन्स. त्याला ती थकल्या डोक्याचें काम वाटली. पुस्तक एकच आणि वाचणारे दोघेही जाणते! चरित्रकार फॉर्स्टर यानें लिहून ठेवलें कीं, मामानेंच भाच्याचा खून केला हें डिकन्सनें आपल्याला सांगितलें होतें. चित्रकार फाइल्ड्स म्हणाला, जॅस्परच्या गळ्याला दोन वेढे बसतील असा गळपट्टा काढ, त्यानेंच त्याला एड्विनचा गळा आवळायचा आहे, असें डिकन्सनें मला बजावलें होतें. एवढें होऊनही १८८७ सालीं प्रॉक्टर नांवाच्या ग्रंथकारानें एड्विन जिवंतच आहे असें पुस्तक लिहिलें. १९०५ सालीं वॉल्टर्स यानें सांगितलें कीं, गांवांत येऊन जॅस्परवर नजर ठेवणारा पांढऱ्या केसांचा डॅचरी म्हणजे वेष पालटलेली हेलेना.

इथपर्यंत ठीक आहे. तर्काला मजकुराचा कांहीं आधार तरी होता. पण १८७३ सालीं अमेरिकेंतल्या ब्रॅटलबरो गांवच्या एका छापखानेवाल्यानें जाहीर केलें कीं, डिकन्सच्या भुतानें माझ्या हातून कादंबरी पुरी करून घेतली! आणि लोकांनीं तें पुस्तक विकत घेतलें. मेलेला लेखक कांहीं तक्रार करावयास येत नाहीं. म्हणून त्याच्या नांवावर बोलणारे दलाल साऱ्या जगांत पिकतात. आपल्याला त्यांची ओळख निराळी करून द्यावयाला नको.

१९१४ च्या जानेवारींत लंडनला जॅस्परवर खोटाखोटा खटला भरला. न्यायाधीश चेस्टरटन, पंचांचा मुख्य बर्नार्ड शॉ. पंचांनीं सदोष मनुष्यवधाचा निकाल दिला, आणि न्यायाधीशानें स्वतःला सोडून बाकी सर्वांना कोर्टाच्या बेअदबीबद्दल दोषी ठरविलें. 

मंडळी, पुराव्यावांचून दिलेला निकाल नाटकांत हंसूं आणतो. कादंबरींत मात्र तो नेव्हिलच्या जिवावर येतो. एड्विन दिसेनासा होतांच, सकाळीं वाटेनें चाललेल्या नेव्हिलला गांवचे लोक धरून आणतात. मेयर सॅप्सी त्याचा सांवळा वर्ण पाहूनच मनांत निकाल लावतो. पुरावा नाहीं म्हणून त्याला सोडावें लागतें, पण गांव त्याला राहूं देत नाहीं. लंडनला एका माळ्यावर तो तोंड लपवून दिवस काढतो. आणि ज्याच्यावर सारें पुस्तक बोट दाखवितें, तो जॅस्पर? तो देवळांत गात असतो, आणि खुन्याला शोधून काढण्याची शपथ वाहतो!

क्लॉइस्टरहॅमच्या लोकांपुढेंही अर्धीच गोष्ट होती. उरलेलीं पानें त्यांनीं आपल्या मनांतल्या शाईनें लिहून काढलीं. देवळांतला गोरा गृहस्थ सज्जन आणि परमुलुखाचा सांवळा पोरगा खुनी, अशी ती शाई होती. अर्थात् डिकन्सलाही देव करूं नका. याच माणसानें १८५७ च्या बंडानंतर खासगी पत्रांत हिंदी लोकांच्या समूळ नाशाची भाषा केली होती. तरी नेव्हिलचें चित्र त्याच्याच लेखणींतून उतरलें. माणसाची लेखणी कधीं कधीं माणसापेक्षां शहाणी निघते.

ही विलायतेची गोष्ट, आपल्याला काय तिचें, असें म्हणूं नका. डिकन्सच्या मरणानंतर दुसऱ्याच वर्षीं, १८७१ सालीं, इंग्रज सरकारनें आपल्या देशांत गुन्हेगार जमातींचा कायदा केला. गुन्हा व्हावयाच्या आधींच जातीच्या जाती गुन्हेगार ठरल्या. आईच्या पोटांतून पोर बाहेर पडलें नाहीं तों त्याचा निकाल लागलेला! पुढें सोलापुरास तारेच्या कुंपणाआड अशा लोकांची वसाहत होती. त्यांना हजेरी द्यावी लागे. १९५२ सालीं तो कायदा गेला. पण गांवांत चोरी झाली कीं पहिलें बोट कोणत्या पालाकडे वळतें, हें तुम्हीं मला सांगा. शाळेंत पाटी हरवली तरी पोरें नव्यानें आलेल्या गरीब पोराचेंच दप्तर आधीं उपसतात. हें त्यांना कोणत्या बुकांत शिकविलें? तें घरीं शिकतात.

म्हणून माझें सांगणें एवढेंच. हें पुस्तक वाचा आणि कागदावर मधोमध एक रेघ ओढा. एका बाजूला लेखकानें काय लिहिलें तें मांडा, दुसऱ्या बाजूला आपण मनानें काय घातलें तें मांडा. तर्क खुशाल करा. तर्कावांचून वाचन म्हणजे नुसती अक्षरांची उजळणी. पण तर्काला तर्क म्हणा. जेथें मजकूर संपला तेथें “येथून पुढें मला ठाऊक नाहीं” असें म्हणावयाची लाज बाळगूं नका. ही संवय कादंबरीवर लागली तर पंचायतींत उपयोगी पडेल, चावडीवर उपयोगी पडेल, आणि एखाद्या नेव्हिलला गांव सोडावें लागणार नाहीं.

डिकन्सचे सहा भाग आतां कोणालाही मिळणार नाहींत. पण आपल्या शेजाऱ्याची गोष्ट अजून चालू आहे. तिचा शेवट आपण आधींच लिहून ठेवूं नये, एवढें बोलून मी आपली रजा घेतों.